बिस्किटाखालचं मीठ

बिस्किटात मीठ लागतं. चिमूटभरच, पण लागतं. या एका वाक्यासाठी मी गणपतीपासून दिवाळीपर्यंत एका घराशी भांडले. शेवटी ते वाक्य खरं ठरलं, तेव्हा त्यात माझ्या भांडणाचा वाटा जवळजवळ काहीच नव्हता, आणि हे मला अजून पचलेलं नाही.

मुद्दा पहिल्या ओळीत मांडायचा ही आमच्या घरातली शिस्त. बाबा पत्रकं लिहितात. हमालांसाठी, विडी वळणाऱ्या बायकांसाठी, बुवाबाजीच्या विरोधात, नळाला पाणी येत नाही म्हणून. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वाटून उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या वह्यांना असायची. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. त्यातून एक समजूत डोक्यात पक्की बसली, की खरी गोष्ट थोडक्यात आणि कारणांसकट सांगितली तर माणसं ऐकतात. जो ऐकत नाही त्याला कळत नसतं, किंवा न ऐकण्यात त्याचा फायदा असतो. माझी काकू या दोन्हींत बसत नव्हती.

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. ती कोल्हारला राहते. ऊस, कांदा, दोन म्हशी, आणि यातून वेळ मिळेल तेव्हा बाजरीची बिस्किटं. तिच्याकडे ओव्हन नाही. जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ती तळाशी दोन बोटं जाड खडेमीठ पसरते, त्यावर एक कडं ठेवते, कड्यावर बिस्किटांची ताटली, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. मीठ हळूहळू तापतं आणि तापलं की तशीच ऊब धरून राहतं, त्यामुळे बिस्किटं खालून करपत नाहीत. ओव्हन नसलेल्या पुष्कळ घरांत नानकटाई अशीच भाजतात. काकूचं हे मीठ भाजून भाजून राखेच्या रंगाचं झालं होतं. ते वेगळ्या डब्यात असायचं आणि जेवणात कधी जायचं नाही. तर पातेल्यात खाली इतकं मीठ आणि वरच्या बिस्किटात एक कणसुद्धा नाही, असा तिचा कारभार होता.

या वर्षी त्या बिस्किटांना घराबाहेर पडायची संधी आली. माझ्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीने भंडारदऱ्याला धरणाच्या बाजूला राहण्या-जेवणाच्या चार खोल्या काढल्या आहेत. पर्यटकांना चहाबरोबर पुड्यातली बिस्किटं द्यायचा तिला कंटाळा आला होता. जिल्ह्यातलंच, कुणाच्या तरी हातचं काहीतरी हवं होतं. मी काकूची बिस्किटं सुचवली आणि कोल्हारला फोन केला.

"परकी मानसं खातील?" तिने विचारलं.

"हो. परकीच."

"मंग करते."

पुढे एकदा गोठ्यात शेण भरताना तिने मला याचं कारण सांगितलं. "नात्यातलं मानूस चांगलं बी म्हनतंय आन नावं बी ठिवतंय, दोन्ही खोटंच. वळख न्हाई पाळख न्हाई आशानं दुसऱ्यांदा मागितलं तर मी मानीन, माज्या हाताला चव हाय." तिला काय हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते साधं वाटलं तरी साधं नव्हतं. त्याचं कारण म्हणजे शिरा.

लग्नानंतरच्या पहिल्या सणाला, सगळी भावकी जेवायला बसलेली असताना, काकूने शिऱ्यात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. दोन सारखे स्टीलचे डबे शेजारी शेजारी ठेवलेले. घर नवं, स्वयंपाकघर दुसऱ्याचं, आणि कोणत्या डब्यात काय आहे ते कुणी सांगितलेलं नाही. ही गोष्ट काका आजवर सांगतात. पाहुणा आला, चहा झाला, गप्पा थोड्या रेंगाळल्या की काका मांडी बदलतात आणि सुरू होतात. मला ती पाठ आहे.

"पयला घास घेतला आन आमचे चुलते उठले की ताटावरून. म्हनले, सूनबाई, गुरांपुढं मिठाचा खडा ठिवत्यात, तसं आमाला बी चाटायला दिलं व्हय?"

पाहुणे हसतात. काकू पदर सावरत हसते. काका वाईट माणूस नाहीत. काकूच्या आजारपणात स्वतः भाकरी थापलेले, मुलीच्या शिक्षणासाठी भावकीशी वाकडं घेतलेले आहेत. त्यांना ती फक्त एक गंमत वाटते. पण चूक एकदा झाली आणि शिक्षा दर सणाला भोगायची, हा कुठला न्याय? डबे कुणी भरले, नव्या मुलीला का दाखवले नाहीत, हे त्या गोष्टीत कधीच येत नाही. मी एकदा ते बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "आल्या आमच्या पुढारीनबाई. आता शिऱ्यावर बी मोर्चा काढा." पाहुणे आणखी हसले.

पहिला डबा मी गणपतीत भंडारदऱ्याला नेला. मैत्रिणीच्या बहिणीने एक बिस्किट संपवलं, बोटं पुसली आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण दुसरं उचलावंसं वाटत नाही."

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी दुसरं उचललं. तिचं बरोबर होतं. तूप होतं, साखर होती, बाजरी होती, पण सगळं एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांसारखं तोंडात बसून राहिलं होतं. मागे बाजरीचा किंचित कडवटपणा उरत होता.

घरी येऊन मी शोध सुरू केला. काकूने ही कृती मुळात तिच्या मुलीच्या मोबाईलवर बघून शिकलेली. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. त्यातली बाई बाजारातलं पिवळं बटर घालत होती. मग माझ्या लक्षात आलं. ते बटर मुळात खारट असतं. त्यामुळे कृतीत मीठ वेगळं सांगितलेलंच नव्हतं, ते बटरमधून गुपचूप आत जात होतं. काकूने बटरच्या जागी म्हशीचं घरचं तूप घातलं, आणि तिथे मीठ गळालं. तूप जास्त चांगलं, जास्त खरं, आणि बिस्किट मात्र अळणी. मी आईच्या ओव्हनमध्ये दोन घाणे केले, एक काकूसारखा आणि एकात चिमूटभर मीठ. कुठला कुठला हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी दोन्हींतलं खाल्लं आणि मिठाच्या घाण्याची बशी आपल्याकडे ओढली. मला वाटलं, झालं, पुरावा हातात आहे.

कोल्हारला पोचले तेव्हा काकू पीठ चाळत होती.

"काकू, यात चिमूटभर मीठ घाल."

"कशात?"

"बिस्किटात."

दुधात लिंबू पिळायला सांगावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "गोडात मीठ न्हाई घालत आमी."

"पुरणपोळीच्या कणकेत घालतात की सगळे."

"सगळे घालत आसतील. मी न्हाई घालत."

तेव्हा मला कळलं की तिची पुरणपोळी नेहमी जराशी अळणी का लागते. मी कारणं सांगितली. मिठाने बाजरीचा कडवटपणा दबतो. तुपाचा ओशटपणा जाणवत नाही. साखर तेवढीच ठेवली तरी गोडी वर येते. मीठ खारट करण्यासाठी नाही, बाकीच्या चवींना बोलतं करण्यासाठी आहे. बटरचं सांगितलं. बाबांच्या बशीचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं. चाळण थांबवून ऐकलं, म्हणजे मान देऊन ऐकलं.

"गोडी कमी पडती आसंल," ती म्हणाली. "मंग साखर वाढवते."

"साखरेचं नाही म्हणत आहे मी."

"आन पयला घाना मी देवाला दावते. देवाच्या ताटात मीठ न्हाई वाढत, ठावं हाय ना?"

"वरणभातात असतंच की मीठ. ते चालतं देवाला?"

"देवाशी बी भांड आता तू," ती म्हणाली आणि चाळण पुन्हा हलवायला लागली.

दुसरा डबा जास्त साखरेचा गेला, नवरात्रात. बिस्किटं कडक झाली होती आणि कडा तपकिरी. भंडारदऱ्याची ताई म्हणाली, "आता नुसतंच गोड आहे. हे बघ, दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आत एक शेवटचा डबा दे. जमलं तर ठेवीन, नाही तर यंदा दुकानातलीच आणते." ती कठोर नव्हती. तिला खोल्या चालवायच्या होत्या.

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते. बिस्किट करणाऱ्या तमाम भगिनींनो. मला माझीच चीड आली. पत्रक कुणासाठी? जिला वाचायला हवं तिला ते सगळं कळलेलं होतं. मिठाचं रसायन तिला नको होतं. तिला भीती होती की एक दिवस कुणीतरी बिस्किट चावून विचारील, यात मीठ आहे का, आणि काका मांडी बदलतील. या भीतीवर माझ्याकडे मुद्दा नव्हता. तिला ती भीती सोड म्हणणं म्हणजे जिच्यावर हसतात तिलाच समजावणं झालं. समजवायचं ते हसणाऱ्यांना. आणि हसणारे माझ्या बोलण्यावरही हसत होते.

दिवाळीच्या आधी तिसरा डबा न्यायला मी कोल्हारला गेले. काकूने साखर पहिल्यासारखी केली होती. पहिला घाणा निघाला, त्यातली दोन बिस्किटं देवघरात गेली. दुसरा घाणा पातेल्यात होता आणि मी गप्प बसायचं ठरवलेलं असूनही बोलत होते.

"काकू, अर्ध्याच पिठात घालून बघ. आवडलं नाही तर म्हशीला घाल."

"म्हशीला कशाला, तुज्या काकालाच घाल म्हन," ती म्हणाली, आणि हे म्हणायला माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या हातातली सांडशी घसरली. ताटली कलंडली. अर्धी बिस्किटं खाली तापलेल्या मिठात पडली. गरम बिस्किटं मऊ असतात, दोन-तीन तर तिथेच मोडली. काकूने उरलेली चिमट्याने उचलली, फुंकली, हाताने झटकली आणि एका वाटीत टाकली.

"ही घरात. भाहेर न्हाई द्यायची."

तेवढ्यात काका शेतातून आले. हातपाय धुऊन ओट्यावर टेकले, काकूने चहा दिला आणि ती वाटी पुढे सरकवली. त्यांनी एक बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं. दुसरं न बुडवता खाल्लं. मग वाटीतल्या बिस्किटांकडे पाहिलं.

"आज लई भारी झाल्यात. काय येगळं केलं?"

"कुठं काय."

"आनखी हायत का?"

वाटी संपली होती. काकूने ताटलीतली, न पडलेली, चांगली बिस्किटं दिली. काकांनी एक चावलं आणि उरलेलं अर्धं बशीत ठेवलं.

"ही न्हाई. मगाची दे."

माझं तोंड उघडलं होतं. काकूने नुसते डोळे माझ्यावर रोखले. मी तोंड मिटलं. काका चहा संपवून मोटर चालू करायला गेले तरी ती तशीच उभी होती. मग खाली बसली, पातेल्यात राहिलेला एक तुकडा उचलला, उलटा केला. खालच्या बाजूला मिठाचे करडे कण चिकटले होते. तिने जिभेचं टोक लावलं. मग तो तुकडा खाल्ला. हळूहळू, जणू तो दुसऱ्या कुणी केलेला होता.

"चिमटीएवढं, का नखाएवढं?" तिने विचारलं.

"चिमटीएवढं. पण बारीक कुटून. तुपात मीठ विरघळत नाही, खडा दाताखाली येतो."

ती उठली. भाजायचं मीठ तिने बाजूला ठेवलं, मांडणीवरच्या डब्यातलं खायचं मीठ घेतलं, खलबत्त्यात कुटलं आणि उरलेल्या पिठात मळलं. परात पदराने जवळजवळ झाकून. मला वाटलं आपण जिंकलो. तोंडातून "बघ, मी म्हणत होते" निघणार तेवढ्यात ती म्हणाली, "कुनाला बोलायचं न्हाई."

"का? खरं आहे ते. त्यांनीच चांगलं म्हटलं."

"तुजं खरं घिऊन तू सावेडीला जाशील. मला हितं ऱ्हायचंय."

मिठाचा घाणा भाजून निघाला, तशी मी ती बिस्किटं डब्यात भरली.

भंडारदऱ्याला ताईने झाकण उघडलं, एक घेतलं आणि खोल्यांच्या चादरी, पाण्याचा टँकर, येणारी गर्दी असं बोलत राहिली. बोलता बोलता तिचा हात डब्यात परत गेला. तिचं लक्षही नव्हतं. मी तो हात बघत होते. आणि मग आणखी एकदा गेला.

"आता काय केलं यात?"

काकूने कुणाला बोलायचं नाही म्हटलं होतं, पण चहाला येणाऱ्यांत रक्तदाबाचं माणूस असू शकतं, हे सांगण्याचं एक कारण. दुसरं म्हणजे मला खोटं बोलता येत नाही. "मीठ घातलंय," मी म्हणाले.

"हां. तेच नव्हतं." एवढं म्हणून ती पुन्हा टँकरवर आली. जी गोष्ट कोल्हारच्या घरात इतकी वर्षं कुणाच्या तोंडातून सरळ निघत नव्हती, ती इथे धरणाच्या काठी एका श्वासात निघून गेली. ताईने डबा रिकामा करून परत दिला आणि सुट्टी संपेपर्यंत बिस्किटं पाठवत राहा म्हणाली. मी काकूला फोन केला.

"परत मागितली?" तिने विचारलं.

"परत मागितली."

पलीकडे म्हैस ओरडल्याचा आवाज आला, आणि काकू म्हणाली, "ठिवते. धार काढायचीय."

भाऊबीजेला आम्ही सगळे कोल्हारला. आत्या आणि तिचे यजमानही आले होते. जेवणं झाली, दुपारचा चहा झाला, परातीत बिस्किटं आली. आत्याचे यजमान खात होते, काका खात होते. आत्या म्हणाली, "वहिनी, बाहेर पाठवता म्हणे ही?" काकूने मान हलवली. मला वाटलं आता कुणीतरी दोन शब्द बोलेल. काकांनी मांडी बदलली.

"आता हिच्या हाताला चव आली म्हना. पन पयल्या सनाला..."

आणि शिरा आला. चुलते उठले. गुरं आली, मिठाचा खडा आला. काकांच्या हातात अर्धं बिस्किट होतं, ते हातवारे करताना हलत होतं. आत्याचे यजमान तोंडावर रुमाल धरून हसले. बाबासुद्धा हसले. इतकी पत्रकं लिहिलेले बाबा. मी त्यांच्याकडे पाहिलं तसे ते थांबले, पण उशिरा.

काकू हसली नाही. पदरही सावरला नाही. ती काकांच्या हाताकडे बघत म्हणाली, "त्यात बी मीठ हाय."

"कशात?"

"तुमच्या हातात हाय त्यात. मी घातलंय."

मग आत्याचे यजमान एवढे मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. "वहिनी, जमलं तुम्हाला पण," ते म्हणाले. काका म्हणाले, "बगा, आजून शिरा सोडत न्हाई ही," आणि ते अर्धं बिस्किट तोंडात टाकलं. सगळ्यांना तो विनोद वाटला.

मी उठणार होते. सांगणार होते की हे खरं आहे, की तुम्ही सगळे त्याच मिठाचं बिस्किट मिटक्या मारत खाताय, की हिने आज पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तुम्हाला ऐकूसुद्धा आलं नाही. एक एक वाक्य तयार होतं. काकूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता. "बस," ती हळूच म्हणाली. "मी बोलले ना."

त्या रात्री माझी चिडचिड बाबांवर निघाली. ते म्हणाले, "काही सत्यं पहिल्या वाटपात कुणी घेत नाही." हे वाक्य त्यांच्या पत्रकात शोभलं असतं. मला ते अजिबात पटलं नाही. पहिल्या वाटपात घेत नाहीत म्हणून हसायचं?

सकाळी मी अंगणात दात घासत होते. काकू ओट्यावर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, परात घेऊन बसली होती. भंडारदऱ्याचा पुढचा डबा करायचा होता. परातीशेजारी मिठाचा डबा होता, झाकण उघडं टाकलेला. पदर तिने कमरेला खोचलेला होता. काका टेम्पोची चावी घेऊन बाहेर आले आणि डब्यापाशी थांबले.

"भाजीचं मीठ हितं कशाला?"

"बिस्किटाला."

मी चूळ भरायची थांबले. काकांनी डब्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. ओठ हलले, म्हणजे आता एखादी कोटी येणार असं वाटलं. आली नाही. काकूने वर न बघता चिमूट घेतली आणि पिठात सोडली.

"पयल्यापास्नं घालतीस?"

"न्हाई. आत्ताच्या दिवाळीपास्नं."

मला वाटत होतं, आता तरी बोला. चुकलं म्हणा, त्या डब्यांचं म्हणा, शिऱ्याचं म्हणा, काहीही म्हणा. त्यांनी चावी या हातातून त्या हातात घेतली, टेम्पोपर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "म्या आल्यावर चार ठिव मला."

"उरली तर," काकू म्हणाली, आणि पीठ मळत राहिली.